ठेवली तेव्हा चालत होती

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक प्राणी तयार करा. पायांच्या जागी चार गुबगुबीत चाकं लावा. पाठीवर खोगीर ठेवा. डोक्याच्या जागी सायकलला असतं तसं हँडल बसवा. पोटात इंजिन घाला, पण साधं नाही, जुन्या स्कूटरींना असायचं तसं टू-स्ट्रोक. त्याला नुसतं पेट्रोल चालत नाही, पेट्रोलात थोडं ऑइल कालवून पाजावं लागतं, आणि मग ते निळा धूर सोडत खिंकाळतं. आता मारा किक. आला आवाज? पत्र्याच्या डब्यात भुंगे कोंडल्यासारखा? झालं, आपला क्वाड तयार झाला. आता त्याच्यासमोर वाळूची एक टेकडी उभी करा. एवढी उंच, की माथ्यावर पोचलेला माणूस मुंगळ्याएवढा दिसेल. आणि टेकडीपलीकडे एक तळं, ज्याचा दुसरा काठ दिसतच नाही.

उघडा डोळे. तुम्हाला आत्ता जे दिसलं, ते विलाला अख्खा हिवाळा दिसत होतं. वर्गात फळ्यावर दिसत होतं, ताटातल्या मॅश केलेल्या बटाट्यांत दिसत होतं.

विला पोस्टेमा आईबरोबर फीनिक्स शहरात राहायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मिशिगनला, तळ्याकाठच्या टॅनर्स लँडिंग नावाच्या गावात, आजीआजोबांकडे यायची. आजोबांचं नाव मार्लिन. गावच्या शाळेत त्यांनी जन्मभर बँड शिकवला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणायचं. गावात असा माणूस सापडणं कठीण होतं, ज्याने मास्तरांसमोर कधी ना कधी ट्रॉम्बोनमध्ये फुंकून गाढवासारखा आवाज काढला नव्हता.

मागच्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मास्तर विलाला म्हणाले होते, "पुढच्या उन्हाळ्यात तुला एक छोटा क्वाड घेऊ. तुझ्या मापाचा."

विलाने त्यांच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "आजोबा, हे 'हो' खरं आहे, की इथलं 'हो' आहे?"

या प्रश्नाचा अर्थ समजायला त्या गावाची बोली कळायला हवी. टॅनर्स लँडिंगमध्ये कुणी कुणाला 'नाही' म्हणत नाही. 'नाही' हा शब्द तिथे कुत्र्यांसाठी राखून ठेवलेला आहे. माणसांना 'बघू या', 'हो, कधीतरी', 'कल्पना छानच आहे' असं म्हणतात. तसंच, एखादी गोष्ट वाईट असली तरी तिला वाईट म्हणत नाहीत. 'वेगळी आहे' म्हणतात. शेजारणीने हिरव्या जेलीत किसलेलं गाजर आणि मेयोनीज घालून आणलं, की मास्तरांची बायको बर्नडीन एक घास खाऊन म्हणते, "अगंबाई, वेगळंच लागतंय हं!" शेजारीण समजायचं ते समजते, आणि पुढच्या वेळीही तेच आणते.

विलाला ही बोली तिच्या बाबांमुळे चांगली पाठ झाली होती. डॅरिल, म्हणजे मास्तरांचा मुलगा, मनाने फार चांगला. पण तो विलाला न्यायला येणार असला की त्याची गाडी वाटेत बंद पडायची, आणि गाडी चालू असली की तो 'पुढच्या शनिवारी नक्की' म्हणायचा. तो खोटं बोलायचा असं नाही. तो इथला होता, एवढंच.

"खरं 'हो'," मास्तर म्हणाले. आणि म्हणून बसले.

उन्हाळा आला, विला आली, क्वाड कुठे होता? मास्तरांनी आधी बाकीची सगळी तयारी केली. जसं काही लोक मुलगी बघण्याआधी बाशिंग विकत घेतात. मुलांना क्वाड चालवायचा तर सुरक्षिततेचा वर्ग करावा लागतो, आणि चालवताना मोठं माणूस जवळ लागतं. मोठ्या माणसालाही चार गोष्टी कळायला हव्यात, असं मास्तरांना वाटलं, म्हणून तेही विलाबरोबर वर्गात जाऊन बसले. छोट्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून. विला पास झाली. मास्तरांना चढावर वजन कुठे टाकायचं हे विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरांनी तर कमीच करायला सांगितलंय." वर्ग हसला. मास्तरांनी जन्मभर दुसऱ्यांचे वर्ग गप्प केले होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग वाळूत फिरण्याचं परवानगीचं लेबल आणायला ते कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, "कुठल्या गाडीला लावणार?"

"अजून ठरायचंय."

"म्हणजे गाडी नाहीये?"

"गाडीखेरीज सगळं आहे."

बाईंनी लेबल दिलं. देताना म्हणाल्या, "वेगळंच आहे हं तुमचं."

मास्तर घरी आले ते लेबल, हेल्मेट आणि उंच काठीवरचा नारिंगी झेंडा घेऊन. टेकडीपलीकडून येणाऱ्याला दिसावं म्हणून असा झेंडा लावावाच लागतो. तो त्यांनी तात्पुरता बागेतल्या हातगाडीला बांधला. विला हेल्मेट घालून हातगाडीत बसली आणि म्हणाली, "आजोबा, हा आवाज फारच कमी करतो."

शेजारचे एलरॉय कायपर हे सगळं कुंपणावरून पाहत होते. एलरॉय फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. कुठलंही यंत्र समोर आलं की त्यांना मत व्हायचं, शिंक यावी तसं.

"मास्तर, जुना टू-स्ट्रोक घेताय? त्यातून कुणीतरी खटपट केलेला? मग ऐका. पहिली गोष्ट, पोचल्या पोचल्या इंजिनाला हात लावायचा. गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवलंय. थंड इंजिन खरं बोलतं. दुसरी गोष्ट, प्लग काढून बघायचा. दुधाच्या कॉफीचा रंग असेल तर बेस, पांढराफटक असेल तर पळायचं. तिसरी, हवेचा फिल्टर. वाळू असेल तर ती पोटातही गेलेली असणार. चाकं धरून हलवायची. सांधे बघायचे, कुठे वेल्डिंग केलंय का. आणि धुराला घाबरायचं नाही. टू-स्ट्रोकचा धूर दिसेनासा झाला तर घाबरायचं."

"आणि आवाज?"

"आवाजाचं तुम्हाला मी काय सांगायचं?" एलरॉय म्हणाले. हे वाक्य मास्तरांना फार आवडलं. खरं तर एलरॉयना आवाजातलं काही कळत नव्हतं. ते शाळेत झांजा वाजवायचे, त्याही चुकीच्या जागी.

पहिली जाहिरात सापडली ती अशी: 'मुलांची क्वाड गाडी, बरीच सुधारलेली. ठेवली तेव्हा चालत होती.'

"म्हणजे काय?" विलाने विचारलं.

"म्हणजे मालकाने ती शेवटची उभी केली, तेव्हा चालू स्थितीत होती."

"कधी उभी केली?"

मास्तरांनी पुन्हा जाहिरात वाचली. ते मात्र त्यात नव्हतं.

तिथे गेल्यावर उत्तर दिसलं. गाडी गोठ्यामागे उभी होती आणि तिच्या हँडलमधून एक मेपलचं झाड उगवलेलं होतं. झाड निरोगी होतं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी घर केलं होतं, आणि गादीचा कापूस वापरून ते चांगलं उबदारही केलं होतं. इंजिन थंड होतं, त्याबद्दल वाद नव्हता.

"कशी वाटली?" शेतकरी म्हातारा प्रेमाने म्हणाला.

"वेगळी आहे," मास्तर म्हणाले.

"कळलं," म्हातारा म्हणाला.

इथे खरं तर घरी परतायला हवं होतं. पण त्या गावात निघणं हा एक दीर्घ विधी आहे. आधी मांडीवर थाप मारून 'चला तर मग' म्हणायचं. मग उभं राहून हवामानावर बोलायचं. मग गाडीपर्यंत यायचं आणि काचेला टेकून पुन्हा पहिल्यापासून. या विधीच्या मधे कुठेतरी म्हाताऱ्याने मास्तरांना टोपलीभर झुकिनी, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भाज्या, दिल्या, आणि झुकिनी फुकट घेतल्याच्या संकोचातून मास्तरांनी त्याच्याकडून बर्फ उडवायचं एक जुनं यंत्र विकत घेतलं. भर जुलैत.

बर्नडीन दारात उभी होती. "हे काय आणलंस?"

"ठेवलं तेव्हा चालत होतं म्हणे," मास्तर म्हणाले.

"आजी, मी नको म्हणत होते," विला म्हणाली. "मनात."

त्या संध्याकाळी विलाने हातगाडीचा नारिंगी झेंडा सोडून त्या यंत्राला बांधला. वर परवानगीचं लेबलही टेकवून ठेवलं. संबंध मिशिगनमध्ये वाळूची टेकडी चढायची कायदेशीर तयारी असलेलं बर्फाचं यंत्र तेवढं एकच असणार. मास्तरांनी ते खिडकीतून पाहिलं. हसू आलं, आणि मग एकदम गेलं. कारण झेंडा बांधताना विला गाणं म्हणत नव्हती. एरवी ती काहीही करताना गुणगुणायची. बाबाची गाडी यायची नाही, त्या शनिवारीही ती अशीच गप्प असायची, हे तिच्या आईने फोनवर एकदा सांगितलं होतं.

रात्रीच्या जेवणाला बर्नडीन म्हणाली, "मार्लिन, तुझ्या त्या 'हो'चं काय झालं?" आणि तिने झुकिनीची भाजी वाढली. पुढे बरेच दिवस तीच वाढली.

दुसरी जाहिरात आली तेव्हा सुट्टी उतरणीला लागली होती. विकणारा होता ट्रॅव्हिस ओम्स, मास्तरांचा जुना विद्यार्थी, तिसऱ्या रांगेतला ट्रॉम्बोन. आपल्या मुलीसाठी, जोसीसाठी, त्याने एक छोटा क्वाड स्वतःच्या हाताने सजवला होता, आणि आता जोसीचे पाय हँडलला लागायला लागले होते. जाण्याआधी आजोबा-नातीने एक खूण ठरवली. मोठ्यांच्या व्यवहारात लहानांनी मधे बोलणं बरं दिसत नाही, म्हणून काही खटकलं तर विलाने म्हणायचं, "आजोबा, आजी वाट बघत असेल." की मास्तर मांडीवर थाप मारणार.

ट्रॅव्हिसच्या अंगणात क्वाड उभा होता, आणि असा चकचकीत, की त्यात आकाश दिसत होतं. मास्तरांनी सहज केल्यासारखं इंजिनाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. गरम! एलरॉयचा पहिला नियम इथेच मोडला. प्लग काढून पाहिला, तर कोरा करकरीत, आत्ताच डब्यातून काढलेला. फिल्टर धुऊन वाळवलेला, त्याला साबणाचा वास येत होता. वाळूचा एक कण नाही.

मुलांनो, हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, चोर सापडला. पण थांबा. ट्रॅव्हिस काय म्हणाला ते ऐका.

"सर, तुमचा गुडघा दुखतो असं ऐकलं, म्हणून आधीच चालू करून ठेवली होती, म्हणजे तुम्हाला किक मारायला त्रास नको. आणि तुम्ही येणार म्हणून प्लग नवा घातला. फिल्टर बायकोने धुतला. घाणेरडी गाडी तुम्हाला कशी दाखवायची?"

त्याचा चेहरा आरशासारखा स्वच्छ होता. त्या गावातला पाहुणचार आणि फसवणूक बाहेरून हुबेहूब सारखी दिसतात, आणि आपल्या समोर नक्की काय आहे हे विचारणं असभ्य समजलं जातं. सगळे साक्षीदार अंघोळ घालून, नवे कपडे नेसवून उभे केले होते. एकही काही बोलेना.

"आणि हे बघा," ट्रॅव्हिस उत्साहाने सांगू लागला, "सिलिंडर मोठा केलाय, कार्ब्युरेटर मोठा बसवलाय, सायलेन्सर हा असा पोटाचा. रंग मीच दिला."

रंग जांभळा होता. त्यावर पिवळ्या ज्वाळा होत्या. काही ज्वाळांना डोळे होते.

"वेगळी आहे," मास्तर म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

ट्रॅव्हिसचा चेहरा उतरला. तो हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाला, "सर, वसंतातल्या कार्यक्रमात मी एकट्याने वाजवलं होतं ना, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

आता सांगा, मास्तरांनी काय करावं? केस पिकायला लागले तरी ट्रॅव्हिस त्या एका शब्दाचा वळ मनावर घेऊन बसला होता. आणि मास्तरांना कुणाचं वाईट वाटलं की ते स्तुती करायला लागायचे. "अरे, वेगळी म्हणजे विशेष रे! हे वेल्डिंग काय! या ज्वाळा काय! डोळे तर... डोळे फारच... बघतात!" ट्रॅव्हिस फुलला. त्याने किक मारली.

गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि असा गोड सूर लागला, की मास्तरांनी डोळे मिटले. बारीक, स्वच्छ, टोकदार सूर. ट्रॅव्हिसने ॲक्सिलरेटर पिळला, सूर उंच गेला. सोडला, आणि सूर काही क्षण तिथेच रेंगाळला. मग सावकाश खाली आला. पण होता तिथे नाही, थोडा वर. पुन्हा पिळला, पुन्हा सोडला. आणखी थोडा वर.

"वा!" मास्तर म्हणाले. "काय गाते!"

विलाच्या कपाळाला आठी पडली. "आजोबा, आजी वाट बघत असेल."

"छे गं, आजी बाहेर गेलीय," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले.

"आजोबा. आजी. वाट बघत असेल."

"मग इथेच जेवा की!" ट्रॅव्हिस म्हणाला. "हॉट डॉग लावलेत, चेरी भरलेली पेस्ट्री आहे."

मास्तरांचा हात खिशाकडे निघाला होता. तोंडात 'घेतो' हा शब्द तयार होता. विलाने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. तीच गाडी होती, जी तिला अख्खा हिवाळा दिसली होती. फक्त जांभळी निघाली. आत्ता गप्प राहिलं, तर ती तासाभरात आपली होणार होती.

"आजोबा, सूर चढतोय," विला म्हणाली. स्पष्ट. मोठ्यांच्या मधे.

"चढू दे की, गोड आहे."

"तुम्हीच सांगता ना! वाजवणाऱ्याचा दम तुटला, तो घाबरला, की ओठ आवळतो आणि सूर चढतो. ऐकायला बरा वाटतो, पण थोड्या वेळात तो वाजवणारा खुर्चीवरून पडतो. तुम्ही मला क्लॅरिनेट शिकवताना म्हणाला होतात. ट्रॅव्हिसकाकांनी हात काढलाय, तरी सूर खाली येत नाहीये. तिचा दम तुटतोय."

मास्तरांनी डोळे उघडले. मग पुन्हा मिटले, पण या वेळी ऐकण्यासाठी. विद्यार्थ्याचं कौतुक करायला नव्हे, चूक शोधायला ते जसे ऐकायचे, तसे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

"ट्रॅव्हिस," ते म्हणाले, "फवाऱ्याची बाटली आहे का? झाडांना पाणी मारायची?"

ट्रॅव्हिस घेऊन आला. पेट्रोलात हवा मिसळणारा कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्या मधे रबराची एक जाड बाही असते. विलाने वाकून तिच्याभोवती पाणी मारलं; कुठे फट असेल तर पाण्याने ती क्षणभर बुजते. वरच्या बाजूला काही नाही. डाव्या बाजूला काही नाही. खालच्या बाजूला मारलं, आणि सूर एकदम खाली आला. पाणी ओघळून गेलं, सूर पुन्हा चढला.

"इथे," विला म्हणाली. "इथून ती चोरून हवा घेतेय."

ट्रॅव्हिसने गाडी बंद केली आणि बाही चाचपली. जुन्या मापाची बाही त्याने नव्या, मोठ्या कार्ब्युरेटरवर ताणून बसवली होती. ती खालून चिरली होती. चिरेतून जादा हवा आत जात होती, त्यामुळे पेट्रोल कमी पडत होतं, आणि पेट्रोल कमी म्हणजे त्यात कालवलेलं ऑइलही कमी. टू-स्ट्रोक गाडी मरण्याच्या आधी सगळ्यात गोड गाते, असं म्हणतात ते उगाच नाही. गार झाल्यावर त्याने सायलेन्सर काढला आणि बॅटरीच्या उजेडात आत डोकावला. पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजराने पंजा मारावा तसे.

"जाम झाली असती," ट्रॅव्हिस म्हणाला. "आज ना उद्या. टेकडी चढताना मागची चाकं अशी गच्च..." त्याने मूठ आवळली आणि ती तशीच राहिली. तो उलट्या बादलीवर बसला. "सर, जोसी वसंतभर हीच चालवत होती."

मग, काहीही झालं तरी ट्रॅव्हिस त्याच गावचा, म्हणून म्हणाला, "सर, मी किंमत कमी करतो. तुम्ही घेऊन जा, सुट्टी तरी वाया जायला नको पोरीची."

'बघू या' हे दोन शब्द मास्तरांच्या जिभेवर येऊन उभे राहिले. जन्मभराची सवय. विला त्यांच्याकडे बघत होती, बारीक डोळे करून.

"नाही," मास्तर म्हणाले.

ट्रॅव्हिस चमकला. अंगणातला कुत्रा उठून बसला, त्याला वाटलं आपल्यालाच म्हणतायत.

"नाही, ट्रॅव्हिस. अशी नाही घेणार." मग विलाकडे वळून, कारण तेच जास्त अवघड होतं, "विला, या सुट्टीत तुला टेकडीवर जायला मिळणार नाही. मी 'हो' म्हणालो होतो, पण ते मला पाळता येत नाहीये. पुढच्या वर्षी नक्की असंही मी आज म्हणणार नाही."

विलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बाहीने पुसलं. मग ट्रॅव्हिससमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, हा पिस्टन काढायचा कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅव्हिसचा ट्रक मास्तरांच्या दारात उभा राहिला. मागे जांभळा क्वाड. "सर, आज मी विकायला नाही आलो," तो म्हणाला. "मला ही उघडून नीट करायची आहे, आणि मला कान हवेत. चार."

मग सुट्टीचे उरलेले दिवस मास्तरांच्या गॅरेजात गेले. विला सुटे भाग रॉकेलात धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडायची, आणि मांडताना गुणगुणायची. ट्रॅव्हिस सिलिंडर घासून आणायचा. एलरॉय कुंपणावरून चुकीचे सल्ले द्यायचे, आणि ऐकलं नाही की उत्साहाने आणखी चुकीचे. नव्या मापाची बाही आली, नवा पिस्टन आला. वेगाला वेसण घालणारा जो स्क्रू ट्रॅव्हिसने हौसेने काढून टाकला होता, तो मास्तरांनी स्वतःच्या हाताने परत बसवला. बर्नडीनने झुकिनीचा केक केला. ट्रॅव्हिस घास घेऊन म्हणाला, "मावशी, वेगळा झालाय." सगळ्यांनी बर्नडीनकडे पाहिलं. "खरंच वेगळा," तो घाबरून म्हणाला. "म्हणजे... आणखी आहे का?"

गाडी जुळून उभी राहिली ती विलाच्या निघायच्या आदल्या दुपारी. ट्रॅव्हिसने किक मारली. पिळलं, सोडलं. सूर वर गेला आणि जिथून निघाला होता तिथेच येऊन बसला, घरी आल्यासारखा. फार गोड नव्हता. थोडा घोगरा होता, आणि निळा धूर भरपूर होता. मास्तरांनी डोळे मिटले नाहीत.

"ट्रॅव्हिस," ते म्हणाले, "सूर बरोबर आहे."

एवढंच म्हणाले. ट्रॅव्हिस ओम्स, ट्रॉम्बोन, तिसरी रांग, तोंड वळवून नट आवळायचे पाने शोधायला लागला. पाने त्याच्या हातातच होते.

"आता घेतो," मास्तर म्हणाले.

नव्या पिस्टनवर टेकडी चढत नाहीत, आधी हळू चालवून तो मुरू द्यावा लागतो. म्हणून विलाने घरामागच्या गवतात फेऱ्या मारल्या. हेल्मेट घालून, नारिंगी झेंडा फडकवत, बागेतल्या झुकिनींना वळसे घालत, चालत्या माणसाने गाठावं इतक्या हळू. मास्तर शेजारून दुखऱ्या गुडघ्याने लंगडत चालत होते, कारण नियमाप्रमाणे मोठं माणूस जवळ लागतं. बर्नडीन पायरीवर बसून हसत होती. दूर, तळ्याच्या बाजूला, टेकडी उन्हात पिवळी पडली होती. विला तिच्याकडे एकदाच बघून पुढचा वळसा घ्यायची.

ऊन उतरलं तशी तिने गाडी गॅरेजात आणली. पेट्रोलचा नळ बंद केला आणि कार्ब्युरेटरमधलं शेवटचं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. ते आपोआप, सावकाश गप्प झालं. सायलेन्सरच्या तोंडात तिने फडक्याचा बोळा कोंबला, उंदरांसाठी. मेपलचं झाड उगवू नये म्हणून चाकांखाली फळ्या सरकवल्या. मग बँडच्या जुन्या लाल झग्यांतला सगळ्यात मोठा, ट्युबा नावाचं अगडबंब पितळी वाद्य वाजवणाऱ्याचा, आणून गाडीवर पांघरला.

आणि मग तिने आजोबांचा हात धरला, झग्याखाली नेला आणि इंजिनावर ठेवला. अजून गरम होतं.

"ठेवली तेव्हा चालत होती," विला म्हणाली. "लक्षात ठेवा हं, आजोबा."